ग्रीन्स्टेड चर्च

ग्रीन्स्टेड चर्च : इंग्लंडच्या आग्नेय भागातील एसेक्स परगण्यामधील एक प्राचीन ग्रामचर्च. लंडनच्या ईशान्येस सु. ३३ किमी. अंतरावर, चिपिंग ऑन्गर या छोट्या बाजारपेठेच्या गावाच्या पश्चिमेस सु. १·५ किमी.वर ते वसले आहे. गावाचे पूर्ण नाव ग्रीन्स्टेड-जक्स्टा-ऑन्गर असे असून ‘जक्स्टा’ या लॅटिन शब्दाचा अर्थ ‘जवळचे’ असा होतो. ग्रीन्स्टेड म्हणजे प्राचीन इंग्रजीत ‘हिरवी जागा’. पूर्वी दाट अरण्याने व्यापलेल्या या प्रदेशातील मोकळ्या केलेल्या जागी ही वस्ती झाली असावी. संत अँड्रू याच्या नावाने अर्पण केलेले हे चर्च आकाराने लहान आहे. तथापि त्याच्या मुख्य दालनाच्या भिंती ओक वृक्षाच्या उभ्या ओंडक्यांच्या असून त्यांतील बहुतेक ओंडके सु. साडेनऊशे वर्षांपूर्वीचे आहेत. जगातील सर्वांत जुने लाकडी चर्च आणि यूरोपातील उभ्या असलेल्या काष्ठवास्तूंपैकी सर्वांत प्राचीन वास्तूंपैकी एक म्हणून त्याची ख्याती आहे. एका लहानशा खेड्याच्या प्रार्थनामंदिरात इंग्लंडच्या इतिहासातील अनेक स्थित्यंतरांचे थर कसे साचत जातात, याचे हे चर्च उत्तम उदाहरण होय.

पार्श्वभूमी : एसेक्स म्हणजे पूर्व सॅक्सन लोकांचे राज्य. ६०४ मध्ये मेलिटस याची लंडनच्या बिशपपदी नेमणूक होऊन या राज्यात ख्रिस्ती धर्माचा प्रवेश झाला. परंतु राजा सॅबर्ट याच्या मृत्यूनंतर त्याच्या मुलांनी जुन्या देवदेवतांची उपासना पुन्हा सुरू केली व मेलिटसला देश सोडावा लागला. सातव्या शतकाच्या मध्यास नॉर्थंब्रियातून आलेल्या संत सेड याने येथे धर्मप्रसाराचे कार्य नव्याने आरंभिले. त्याने सु. ६५४ मध्ये समुद्रकाठी ब्रॅडवेल येथे बांधलेले चर्च अद्याप उभे आहे. तेथील ओसाड रोमन किल्ल्याच्या दगडविटा हाताशी असल्याने ते पक्क्या बांधकामाचे झाले. परगण्याच्या अंतर्भागात मात्र चांगला इमारती दगड मिळत नाही आणि लाकूड मुबलक होते. साहजिकच घरे, कोठारे आणि चर्चे लाकडाचीच बांधली जात. अँग्लो-सॅक्सन भाषेत ‘बांधणे’ या अर्थी रूढ असलेले क्रियापद ‘टिंबर’ म्हणजे इमारती लाकूड या शब्दाशी संबद्ध आहे, यावरून त्या समाजातील काष्ठकामाचे स्थान स्पष्ट होते. संत सेड याला बिशपपदाची दीक्षा देणाऱ्या फिनन याने लिंडिस्फार्न बेटावर घडीव ओक लाकडाचे, बोरूच्या छपराचे चर्च बांधल्याची नोंद बीड या इतिहासकाराने केली आहे. इंग्लंडमधील अशी असंख्य लाकडी चर्चे पुढे कुजून, जळून किंवा दगडी चर्चांना जागा देऊन नाहीशी झाली. ग्रीन्स्टेडचे चर्च हा त्या परंपरेचा टिकून राहिलेला एकमेव उभा अवशेष आहे.

उत्खनन : १९६० मध्ये चर्चच्या पूर्वेकडील वेदीकक्षाच्या फरशीखाली उत्खनन करण्यात आले. या चर्चचा अभ्यास करणाऱ्यांत नॉर्वेचा हाकोन क्रिस्ती, डेन्मार्कचा ओलाफ ओल्सेन व अँग्लो-सॅक्सन वास्तुकलेचा इंग्रज अभ्यासक एच्. एम्. टेलर हे प्रमुख होत. त्यांचा अहवाल १९७९ मध्ये प्रसिद्ध झाला. उत्खननात सध्याच्या वेदीकक्षाच्या आधीच्या दोन लाकडी बांधकामांच्या खुणा आढळल्या. जमिनीत पुरलेले लाकूड कुजून गेले, तरी त्याच्या खळग्यांत भरलेली माती भोवतालच्या मातीहून रंगाने व घट्टपणाने वेगळी राहते आणि अशा खळग्यांच्या मांडणीवरून नष्ट झालेल्या इमारतीचा आराखडा जाणता येतो. ही बांधकामे सहाव्या-सातव्या शतकांतील असावीत, असा तर्क काही अभ्यासकांनी केला व त्यांचा संबंध संत सेडच्या काळातील धर्मप्रसाराशी जोडला. हा तर्क बाजूस ठेवला, तरी सध्याचे चर्च ज्या जागी आहे, तेथे त्यापूर्वीही लाकडी प्रार्थनामंदिर होते, एवढे उत्खननाने निश्चित केले.

रचना : मुख्य दालनाची उत्तर व दक्षिण बाजू आणि पश्चिमेकडील काही भाग यांत मिळून सु. ५० प्राचीन ओंडके आहेत. ओकचे खोड पाचरी ठोकून उभे चिरले जाई. त्याची चिरलेली सपाट बाजू आतल्या अंगास व गोल बाजू बाहेरच्या अंगास ठेवून ओंडके एकास एक भिडवून उभे केले जात. त्यामुळे चर्चची भिंत बाहेरून एखाद्या तटबंदीच्या कुडासारखी आणि आतून सपाट दिसते. कोपऱ्यासाठी अख्ख्या खोडाचा एक चतुर्थांश भाग कोरून काढलेला ओंडका वापरलेला आहे. त्यामुळे दोन भिंती सांध्याविना जुळतात. आतील पृष्ठभाग वाकसाने तासून गुळगुळीत केलेला असून हत्याराचे घाव अजून ओळखता येतात.

दोन ओंडक्यांमधील सांधा हा या रचनेतील सर्वांत कौशल्याचा भाग होय. प्रत्येक ओंडक्याच्या दोन्ही कडांना वरपासून खालपर्यंत खाच पाडलेली असून शेजारच्या दोन खाचांत मिळून एक ओकची पट्टी बसविलेली आहे. लाकूड उन्हाने आकसले किंवा पावसाने फुगले, तरी ही पट्टी खाचेत सरकते आणि फट पडत नाही. यायोगे पावसाचे पाणी व वारा यांना अटकाव होतो. ओंडक्यांची वरची टोके निमुळती करून आडव्या तुळईत बसविलेली व लाकडी मेखांनी पक्की केलेली आहेत. मूळ चर्चला आजच्या अर्थाने खिडक्या नव्हत्या. गिरमिटाने पाडलेल्या काही छिद्रांतून येणारा अल्प प्रकाश आणि दिव्यांचा उजेड यांवर काम भागे. आतील ओंडक्यांवर काही ठिकाणी जळाल्याचे डाग दिसतात. ते दिव्यांमुळे पडले असावेत असे मानले जाते. छप्पर गवताने शाकारलेले होते.

या भिंती इतकी शतके टिकण्याची कारणे मुख्यतः तीन आहेत. ओकच्या मध्यकाष्ठात टॅनिनाचे प्रमाण अधिक असल्याने त्यास कीड व बुरशी सहसा लागत नाही. उभ्या ओंडक्यांवरून पाणी वाहून जाते, साचत नाही. तिसरे कारण सामाजिक आहे. गाव लहान होते आणि जुने चर्च पाडून दगडी चर्च उभारण्याइतकी संपत्ती तेथे साठली नाही. मध्ययुगात लोकरीच्या व्यापाराने धनाढ्य झालेल्या पूर्व इंग्लंडमधील अनेक गावांनी आपली जुनी चर्चे मोडून भव्य चर्चे बांधली. ग्रीन्स्टेडला ते साधले नाही आणि त्यामुळेच त्याचा ठेवा वाचला.

संत एडमंड आणि चर्च : या चर्चचे नाव संत एडमंडच्या कथेशी निगडित आहे. ईस्ट अँग्लियाचा राजा एडमंड याला ८६९ मध्ये डेन आक्रमकांनी ठार मारले. पुढे तो हुतात्मा व संत म्हणून पूज्य ठरला आणि त्याचे अवशेष असलेले बरी सेंट एडमंड्स हे मोठे तीर्थक्षेत्र बनले. १०१० मध्ये डेन लोकांच्या नव्या स्वाऱ्यांच्या भीतीने संताचा देह सुरक्षिततेसाठी लंडनला हलविण्यात आला आणि १०१३ मध्ये तो परत नेण्यात आला. परतीच्या वाटेवर ऑन्गरजवळ मुक्काम झाला व त्याची आठवण म्हणून तेथे एक लाकडी प्रार्थनामंदिर अद्याप आहे, अशा आशयाचा उल्लेख मध्ययुगीन कागदपत्रांत आढळतो. हे प्रार्थनामंदिर म्हणजेच ग्रीन्स्टेडचे चर्च, असे अठराव्या शतकापासूनचे पुराणवस्तुसंशोधक सामान्यतः मानीत आले. चर्चमध्ये संत एडमंडचे सु. १५०० मधील फळीवरील चित्र असून आतील काष्ठकोरीवकामातही त्याच्या कथेचे प्रसंग आले आहेत.

कालनिर्णय : चर्चच्या वयासंबंधीची मते विसाव्या शतकात दोनदा पालटली. प्रारंभी संत एडमंडच्या कथेच्या आधारे १०१३ हे वर्ष बांधकामाचे म्हणून सांगितले जाई. १९६० च्या सुमारास झालेल्या परीक्षणांवरून ८४५ हे वर्ष पुढे आले आणि पुष्कळ पुस्तकांत व मार्गदर्शिकांत तेच रूढ झाले. १९९५ मध्ये वृक्षवलय कालमापन पद्धतीने ओंडक्यांची पुन्हा तपासणी झाली. या पद्धतीत खोडातील वार्षिक वलयांच्या जाडीचा क्रम मोजून तो त्या प्रदेशातील ज्ञात वर्षांच्या प्रमाणक्रमाशी जुळवितात. पावसाळी वर्षांत वलय रुंद व अवर्षणात अरुंद पडत असल्याने असा क्रम एखाद्या हस्ताक्षरासारखा विशिष्ट असतो. ग्रीन्स्टेडच्या ओंडक्यांतील उपलब्ध वलयांपैकी शेवटचे १०५३ मधील ठरले. मात्र सालीलगतचे रसकाष्ठ तासले गेले किंवा झिजले असल्याने त्यातील वलये धरून १० ते ५५ वर्षे मिळवावी लागतात. म्हणजे झाडे १०६३ ते ११०८ या काळात केव्हातरी तोडली गेली.

या निष्कर्षाचे परिणाम दूरगामी आहेत. सध्याच्या भिंती १०१३ नंतर किमान ५० वर्षांनी उभारल्या गेल्या असल्याने संताचा देह त्यांच्या आश्रयाला विसावला असणे शक्य नाही. कथेत तथ्य असेल, तर तो मुक्काम त्याच जागेवरील आधीच्या बांधकामात झाला असावा. उत्खननात आढळलेल्या जुन्या बांधकामांमुळे ही शक्यता नाकारता येत नाही. दुसरे असे, की १०६६ मधील नॉर्मन विजय या कालखंडाच्या प्रारंभीच येतो. तेव्हा ‘सॅक्सन चर्च’ म्हणून नावाजलेली ही वास्तू प्रत्यक्षात नॉर्मन राजवटीत बांधली गेली असण्याचा संभव बराच आहे. राजे व सरदार बदलले, नव्या सत्ताधीशांनी दगडी किल्ले व कॅथीड्रले उभारण्यास आरंभ केला. परंतु गावातील सुतार आपल्या वाडवडिलांच्या रीतीनेच काम करीत राहिले, असा याचा अर्थ होतो. राजकीय इतिहासाचे कालखंड लोकजीवनाला जसेच्या तसे लावता येत नाहीत, हे या ओंडक्यांनी दाखवून दिले आहे. वय कमी ठरले म्हणून चर्चचे महत्त्व मात्र उणावले नाही. उभ्या फळ्यांच्या बांधणीसाठी प्रसिद्ध असलेल्या नॉर्वेच्या लाकडी चर्चांपैकी उर्नेस येथील चर्च सु. ११३० मधील आहे. म्हणजे ग्रीन्स्टेडचे चर्च त्याहूनही जुने ठरते.

मध्ययुगीन व उत्तरकालीन बदल : नॉर्मन काळातील खुणा वेदीकक्षाच्या भिंतींच्या पायातील गारगोटीच्या बांधकामात व पूजापात्रे धुण्यासाठी असलेल्या स्तंभयुक्त कुंडात दिसतात. दरवाजाजवळील एक जुनी दगडी कबर क्रूसेडमध्ये भाग घेतलेल्या योद्ध्याची असल्याचे परंपरेने सांगितले जाते. उत्तरेकडील भिंतीतील एक लहान झरोका कुष्ठरोग्यांना बाहेरून उपासना पाहता यावी म्हणून ठेवला होता, अशीही समजूत आहे. परंतु ते तीर्थोदकाचे पात्र ठेवण्याचे कोनाडेवजा स्थान असावे, असे मत अधिक ग्राह्य वाटते.

सु. १५०० मध्ये वेदीकक्ष विटांनी नव्याने बांधण्यात आला. याच ट्यूडर काळात गवताच्या छपराऐवजी कौले आली आणि छपरातून बाहेर डोकावणाऱ्या खिडक्या बसविल्या गेल्याने शतकानुशतके अंधाऱ्या असलेल्या दालनात प्रकाश आला. पश्चिमेकडील मनोरा लाकडी असून त्यावर पांढऱ्या रंगाच्या आडव्या फळ्या मारलेल्या आहेत. वर लाकडी कवलांचा निमुळता कळस आहे. अशी लाकडी घंटाघरे हे एसेक्समधील ग्रामचर्चांचे वैशिष्ट्य असून ब्लॅकमोर, नेव्हस्टॉक, स्टॉक इ. जवळपासच्या गावीही ती आढळतात. ग्रीन्स्टेडच्या मनोऱ्यातील एका घंटेवर १६१८ हे वर्ष कोरलेले आहे. अशा रीतीने अकराव्या शतकातील लाकूड, बाराव्या शतकातील गारगोटी, सोळाव्या शतकाच्या आरंभीच्या विटा आणि त्यानंतरचे कौलांचे व फळ्यांचे काम एकाच लहान इमारतीत एकत्र आले आहे.

सोळाव्या शतकातील धर्मसुधारणेने पॅरिशचे स्वरूप पालटले. १५३८ मध्ये टॉमस क्रॉमवेल याच्या आज्ञेने प्रत्येक पॅरिशमध्ये बाप्तिस्मा, विवाह व दफन यांची नोंदवही ठेवणे बंधनकारक झाले आणि सामान्य खेडुतांची नावे प्रथमच पद्धतशीरपणे लिहिली जाऊ लागली. १५४८ मध्ये संसदेच्या कायद्याने ग्रीन्स्टेड व चिपिंग ऑन्गर ही पॅरिश एकत्र करण्यात आली; पण १५५४ मध्ये मेरी ट्यूडरच्या कारकीर्दीत ती पुन्हा वेगळी झाली. १६०१ च्या कायद्यानंतर गोरगरिबांच्या साहाय्यासाठी कर गोळा करणे व वाटप करणे हेही काम पॅरिशकडे आले. त्यामुळे चर्च हे केवळ उपासनेचे स्थान न राहता गावगाड्याच्या कारभाराचे केंद्र बनले. बिशपच्या अधिकारक्षेत्राच्या दृष्टीने एसेक्समधील बहुतेक पॅरिशांप्रमाणे ग्रीन्स्टेडही लंडनकडून १८४६ मध्ये रॉचेस्टरकडे, १८७७ मध्ये सेंट ऑल्बन्झकडे आणि १९१४ मध्ये नव्या चेम्सफर्डकडे गेले.

टॉलपडलचे शेतमजूर : एकोणिसाव्या शतकात या आडवाटेच्या गावाचा संबंध इंग्लंडमधील कामगार चळवळीशी आला. डॉर्सेट परगण्यातील टॉलपडल येथील शेतमजुरांची आठवड्याची मजुरी नऊ शिलिंगांवरून उतरत सातवर आली होती आणि ती सहावर आणण्याची धमकी त्यांना देण्यात आली होती. त्याविरुद्ध जॉर्ज लव्हलेस या मेथडिस्ट प्रवचनकार मजुराच्या नेतृत्वाखाली त्यांनी संघटना स्थापन केली. १८२४ पासून कामगार संघटना बेकायदेशीर नव्हत्या. तेव्हा सभासदांना गुप्त शपथ दिल्याचा आरोप ठेवून, आरमारातील बंडाच्या वेळी १७९७ मध्ये केलेल्या एका कायद्याखाली सहा जणांवर खटला भरण्यात आला. मार्च १८३४ मध्ये डॉर्चेस्टर येथे जॉर्ज लव्हलेस, त्याचा भाऊ जेम्स, टॉमस स्टँडफील्ड, त्याचा मुलगा जॉन, जेम्स ब्राइन व जेम्स हॅमेट यांना सात वर्षांच्या हद्दपारीची शिक्षा होऊन त्यांची ऑस्ट्रेलियातील वसाहतींत रवानगी झाली. लंडनमध्ये या शिक्षेविरुद्ध प्रचंड मोर्चा निघाला, देशभरातून अर्ज गेले आणि मार्च १८३६ मध्ये सर्वांना माफी मिळाली. जॉर्ज लव्हलेस जून १८३७ मध्ये मायदेशी परतला. बाकीचे त्यानंतर आले.

त्यांच्या साहाय्यासाठी लंडनमध्ये स्थापन झालेल्या समितीने वर्गणी जमवून एसेक्समध्ये दोन शेते खंडाने घेतली. त्यांपैकी ग्रीन्स्टेडमधील न्यू हाउस फार्मवर लव्हलेस बंधू व ब्राइन यांची, तर जवळच्या हाय लेव्हर येथील फेनर्स फार्मवर स्टँडफील्ड कुटुंबाची सोय झाली. कालपर्यंत मजुरीसाठी झगडणारी माणसे स्वतः शेत कसू लागली. परंतु त्यांनी आपली मते सोडली नव्हती. प्रौढ पुरुषांच्या मताधिकाराची मागणी करणाऱ्या चार्टिस्ट चळवळीची शाखा लव्हलेसने ग्रीन्स्टेडला काढली. त्यामुळे आसपासचे जमीनदार व मोठे शेतकरी बिथरले. ग्रीन्स्टेडचा रेक्टर (पॅरिशचा प्रमुख धर्मगुरू) फिलिप रे यानेही त्यांच्या चळवळीला विरोध केला. खेड्यातील चर्च त्या काळी जमीनदारवर्गाशी किती घट्ट जखडलेले होते, हे यावरून दिसते. टाइद म्हणजे उत्पन्नाचा दशमांश हे रेक्टरच्या उपजीविकेचे साधन होते आणि त्याच्या नेमणुकीचा अधिकारही बहुधा स्थानिक धनिकाकडे असे.

असे असूनही या माणसांच्या जीवनातील एका मंगल प्रसंगाची नोंद याच चर्चच्या वहीत आहे. २० जून १८३९ रोजी जेम्स ब्राइन व टॉमस स्टँडफील्डची मुलगी एलिझाबेथ यांचा विवाह येथे झाला. ज्या गावात त्यांच्या सभांना विरोध होत होता, त्याच गावच्या प्रार्थनामंदिरात हे लग्न लागले. पॅरिश ही सर्वांची, मतभेद असणाऱ्यांचीही, या जुन्या कल्पनेचा हा पुरावा म्हणावा लागेल. खंडाची मुदत संपत आल्यावर १८४४ ते १८४६ च्या दरम्यान सहांपैकी पाच जण कुटुंबांसह कॅनडातील आँटॅरिओ प्रांतात लंडन या गावाच्या परिसरात जाऊन स्थायिक झाले. हॅमेट एकटा टॉलपडलला परतला व १८९१ मध्ये मरण पावला.

जीर्णोद्धार : पाचजण निघून गेल्यानंतर थोड्याच वर्षांत, १८४८-४९ मध्ये, याच फिलिप रेच्या कारकीर्दीत चर्चचा मोठा जीर्णोद्धार झाला. ओंडक्यांची खालची टोके ओलाव्याने कुजली होती. ओंडके काढून कुजका भाग कापण्यात आला, विटांचे जोते बांधण्यात आले आणि त्यावरील नव्या तुळईत ओंडके पुन्हा उभे करण्यात आले. छपराची दुरुस्ती, नव्या खिडक्या, प्रवेशमंडप व विटांचे आधारस्तंभ ही कामेही झाली. या जीर्णोद्धाराविषयी दोन्ही बाजूंनी बोलले जाते. ओंडके कापल्यामुळे भिंतींची मूळ उंची कमी झाली, ते आरंभी जमिनीत पुरलेले होते की तुळईवर उभे होते याचा पुरावा बऱ्याच अंशी नाहीसा झाला आणि मध्ययुगीन साधेपणावर व्हिक्टोरियन अभिरुचीचा ठसा उमटला, ही आक्षेपकांची बाजू. परंतु जमिनीच्या ओलीपासून ओंडके तेव्हा सोडविले गेले नसते, तर ते आज उभे दिसले नसते, हेही तितकेच खरे. व्हिक्टोरियन काळात इंग्लंडमधील असंख्य ग्रामचर्चे अशा दुरुस्त्यांतून गेली. त्यांतील अतिरेकाला आळा घालण्यासाठी विल्यम मॉरिस प्रभृतींनी १८७७ मध्ये प्राचीन वास्तूंच्या रक्षणार्थ संस्था स्थापन केली. पुनर्निर्मितीपेक्षा नियमित डागडुजी बरी, हे तिचे तत्त्व पुढे सर्वमान्य झाले.

महत्त्व : ग्रीन्स्टेडचे चर्च पहिल्या श्रेणीची संरक्षित वास्तू म्हणून सूचीबद्ध आहे. जून १९७२ मध्ये ब्रिटिश टपाल खात्याने ग्रामचर्चांवर काढलेल्या पाच तिकिटांच्या मालेत तीन पेन्सच्या तिकिटावर त्याचे चित्र होते. वास्तुशास्त्राच्या अभ्यासकांना ते अँग्लो-सॅक्सन काष्ठकामाचा प्रत्यक्ष नमुना म्हणून, पुरातत्त्वज्ञांना कालमापनपद्धतींच्या कसोटीचे स्थळ म्हणून आणि कामगार चळवळीच्या इतिहासकारांना टॉलपडलच्या हुतात्म्यांच्या वास्तव्याची खूण म्हणून महत्त्वाचे वाटते. कॅथीड्रले ही राजे, बिशप व धनिक यांच्या इच्छेची स्मारके असतात. ग्रामचर्चाचा इतिहास मात्र नाव न ठेवलेल्या सुतारांचा, गवंड्यांचा, मजुरांचा व उपासकांचा असतो. ग्रीन्स्टेडचे ओंडके कोणी तासले हे कोणत्याही दप्तरात नमूद नाही. त्यांच्या वाकसाचे घाव मात्र भिंतीवर शिल्लक आहेत. हे चर्च आजही उपासनेसाठी वापरात आहे.